पेटीतली चित्रे

‘आई, ही मोटार कॉम्प्युटरच्या आत नेमकी कुठे ठेवलेली असते गं?’ व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाने असे विचारले, तर बहुतेक घरांत ‘आधी अभ्यास कर’ हेच उत्तर मिळेल. पण प्रश्न चांगला आहे आणि उत्तरही फार अवघड नाही.

गेममधली चित्रे, आवाज, नकाशे बहुधा मूळ प्रोग्रॅमपासून वेगळे, ट्रंकेत सामान भरावे तसे एका फाइलीत भरलेले असतात. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने १९९३ साली काढलेला ‘डूम’ हा गेम घ्या. त्याच्या ‘वॅड’ फाइलीच्या पहिल्या १२ बाइटमध्ये ओळखीची चार अक्षरे, आतल्या वस्तूंची संख्या आणि यादी कुठे आहे त्याचा पत्ता असतो. यादीत प्रत्येक वस्तूची जागा, लांबी आणि फार तर आठ अक्षरांचे नाव. चित्र बाहेर काढणारा प्रोग्रॅम ही यादी वाचतो, त्या जागी जातो आणि तेवढाच तुकडा उतरवून घेतो. गंमत म्हणजे त्या तुकड्यात रंग नसतात, रंगांचे क्रमांक असतात. २५६ रंगांची पेटी त्याच फाइलीत दुसरीकडे असते. ती सापडली नाही, तर राक्षस भलत्याच रंगाचा दिसतो! आजच्या गेममधल्या फाइली दाबून लहान केलेल्या आणि पुष्कळदा कुलूपबंदही असतात.

असा माल आपल्या देशातही तयार होतो. राजेश राव यांनी १९९७ साली बंगळूरला ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही कंपनी सुरू केली. परदेशी गेमसाठी चित्रे आणि आकृत्या घडवून देण्यात तिने नाव मिळवले. ‘फोर्झा’ या शर्यतीच्या गेमसाठीही तिच्या कलाकारांनी मोटारी घडवल्या. २०१९ साली रॉकस्टार गेम्सने ही कंपनी विकत घेतली.

‘डूम’च्या त्या यादीत वस्तूचे नाव असते, ती करणाऱ्याचे नसते. म्हणून पेटीतून काढलेले चित्र बेवारस वाटते. ते तसे नसते. कुणीतरी दिवसचे दिवस बसून ते केलेले असते आणि त्यावर मालकी हक्कही असतो. शिकण्यासाठी ते न्याहाळणे वेगळे आणि आपले म्हणून मिरवणे किंवा विकणे वेगळे. हा फरक मुलांना वेळीच सांगायला हवा.

आणि हो, गेम संपल्यावर नावांची लांबलचक यादी सरकू लागते. पुढच्या वेळी मुलाला ती लगेच बंद करू देऊ नका. दोघे मिळून वाचा. एखादे नाव आपल्याकडचे निघेलही!