दिवा पेटलेला आहे, दिसतो का?

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील ओस्वेगो गावात एप्रिल 2009मध्ये एका चौकात डावीकडे वळणाऱ्या महिलेच्या मोटारीला लाल दिवा ओलांडून आलेल्या वाहनाने धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. लाल दिवा बर्फाने झाकला गेला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांतूनही अशाच तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या आणि दोष सरळ एलईडीच्या माथी मारला गेला. जुना बल्ब तापायचा, बर्फ वितळायचा. नवा दिवा थंड, म्हणून बर्फ साचतो. हे निदान चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. दिवा बदलला त्यात काही बिघडले नाही. बिघडले ते तांत्रिक विनिर्देश लिहिताना. जुना बल्ब दोन कामे करत होता, त्यांतले एकच काम आपल्या सिग्नल आखणाऱ्यांच्या व्यवसायाने कागदावर उतरवले. उष्णता हे त्याचे दुसरे काम कोणी मागितले नव्हते, म्हणून ते गेले तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

हिशेब साधा आहे. 300 मिलिमीटर व्यासाच्या काचेवर एक सेंटिमीटर जाडीचा ओलसर बर्फ बसला, तर त्याचे वजन साधारण 140 ग्रॅम भरते. तो वितळायला सुमारे 47 किलोज्यूल उष्णता लागते. 135 वॅटच्या बल्बची सगळी उष्णता काचेकडे गेली असे धरले, तर हे काम सहा मिनिटांत होते. 12 वॅटच्या एलईडीला तेवढ्यासाठी तासाहून अधिक वेळ हवा. प्रत्यक्षात एलईडीची उष्णता पुढे येतच नाही. अर्धवाहक तापू नये म्हणून ती मुद्दाम मागच्या बाजूने बाहेर काढली जाते. शिवाय खरा त्रास कडाक्याच्या थंडीत होत नाही. उणे 10 अंशांच्या खालचा कोरडा भुसभुशीत बर्फ वाऱ्याबरोबर उडून जातो. शून्याच्या आसपासचा ओला, वाऱ्यासोबत आडवा येणारा बर्फ मात्र काचेला चिकटतो, आणि दिव्यावरचे नळकांड्यासारखे हूड त्याला साचायला आयता कोनाडा देते. ओस्वेगोचा अपघात जानेवारीत नव्हे, एप्रिलमध्ये झाला, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आडवा येणारा बर्फ चारही बाजूंना सारखा बसत नाही, आणि माझ्या मते खरा धोका यातच आहे. वाऱ्याच्या तोंडावरचे दिवे झाकले जातात, इतर दिशांचे स्वच्छ राहतात. वीज गेल्यावर चौकातले सगळे दिवे एकदम बंद होतात आणि प्रत्येक वाहनचालक सावध होतो. बर्फाच्या वेळी एकाला काहीच दिसत नाही आणि आडव्या रस्त्यावरच्याला झळझळीत हिरवा दिसतो. कंट्रोलरला याचा पत्ता नसतो. चौकातली संरक्षक यंत्रणा तारेतला दाब पाहते, परस्परविरोधी हिरवे एकाच वेळी लागत नाहीत ना ते तपासते. तिच्या लेखी सर्व काही सुरळीत असते. विजेच्या दृष्टीने निरोगी आणि रस्त्याच्या दृष्टीने मेलेला असा दिवा पकडण्याची सोय आपल्या नेहमीच्या व्यवस्थेत नाही.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत विझलेला सिग्नल दिसला की चारही बाजूंनी थांबून मग पुढे जायचे, असा नियम आहे. मग चूक चालकाची नाही का? काही अंशी आहे. पण या नियमाला दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: चालकाला तिथे सिग्नल आहे हे कळते, आणि समोरचे तसेच आडवे चालकही थांबणार आहेत. रात्री, हिमवर्षावात, अनोळखी रस्त्यावर पहिली गोष्ट डळमळीत होते. दुसरी तर वर सांगितल्याप्रमाणे खोटीच ठरते. दुसरा आक्षेप असा की वर्षात असे किती तास येतात? थोडेच येतात. पण नेमक्या त्याच तासांत टायरची रस्त्यावरची पकड सर्वांत कमी असते आणि उशिरा दिसलेल्या लाल दिव्यापाशी गाडी थांबवणे अशक्य होते. धोका तासांनी मोजायचा नसतो. उरला बल्बकडे परत जाण्याचा सल्ला. तो आता ऐकायचे कारण नाही. 2005च्या ऊर्जा धोरण कायद्याने 1 जानेवारी 2006पासून बनणाऱ्या सिग्नल मॉड्यूलांना जी कार्यक्षमता सक्तीची केली, ती बल्बला गाठणे शक्यच नव्हते. शिवाय जळालेले बल्ब बदलण्यासाठी शिडी लावावी लागे, अगदी हिवाळ्यातही.

उपाय आहेत, पण सगळे सारख्या तोलाचे नाहीत. कामगाराला बकेट ट्रकमध्ये चढवून ब्रशने किंवा दाबाखालच्या हवेने काच साफ करणे हा अनेक शहरांचा रिवाज. तो बर्फ पडून गेल्यावरचा उपाय आहे, आणि ऐन वादळात माणसाला चौकाच्या मधोमध टांगण्याचाही. पाणी झटकणाऱ्या लेपांवर माझा फारसा भरवसा नाही: धूळ आणि मिठाच्या फवाऱ्यापुढे ते किती हिवाळे टिकतील? हूडचा प्रश्न मात्र मुळापासून विचारात घ्यायला हवा. बल्बच्या मागे आरसा आणि पुढे रंगीत काच असे, त्यामुळे मावळतीचे ऊन पडले की विझलेला दिवाही पेटल्यासारखा भासे. खोल हूड त्यासाठी होते. एलईडीत आरसा नाही, हा भास बराच कमी होतो, तरी हूड वारशाने चालत आले. जपानने यातून धडा घेतला. होक्काइदोसारख्या हिमप्रदेशात बर्फाचा भार कमी व्हावा म्हणून सिग्नल आडवे न लावता उभे लावतात, आणि नव्या पिढीचे पातळ, चपटे, हूड नसलेले दिवे पुढे झुकवून बसवले जातात. तेवढ्याने ओला बर्फ चिकटायचा थांबत नाही, हे तिथेही दिसून आले आहे. म्हणून जिथे ओला बर्फ नेहमीचा, तिथे काच गरम करण्याला पर्याय नाही. कॅन्सस विद्यापीठात तर एलईडीची मागे जाणारी उष्णताच पुढच्या काचेकडे वळवण्यावर काम झाले आहे; ही दिशा मला सर्वांत पटते.

काच तापवायची तर मग वीज वाचवली कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी आणखी एक आकडेमोड. एका चौकात 12 सिग्नल, प्रत्येकात तीन काचा धरू. बल्बऐवजी एलईडी बसवल्याने वर्षाला सुमारे 13,000 युनिट वाचतात. 36 काचांना प्रत्येकी 30 वॅटचा हीटर लावला आणि तापमान व ओलावा पाहून तो वर्षातून 200 तास चालवला, तरी खर्च 216 युनिट, म्हणजे बचतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. अडचण विजेची नाही. जादा तारा, कंट्रोलर पेटीची क्षमता आणि हीटर बंद पडल्याची सूचना मिळण्याची सोय, खर्च तिथे आहे. तो खरा आहे, पण उभारणीच्या वेळी केला तर पेलण्याजोगा.

पुण्या-मुंबईतील सल्लागार कंपन्यांत बसून थंड देशांतल्या चौकांचे आराखडे करणाऱ्या आपल्या वाचकांच्या हाती यातले बरेच काही आहे. श्रीनगरसाठी निविदा लिहिणाऱ्यांच्याही. अमेरिकेतील आयटीई संस्थेच्या विनिर्देशात एलईडी मॉड्यूल उणे 40 ते अधिक 74 अंशांत चालले पाहिजे, अशी अट आहे. त्याची कंपनाची चाचणी होते, पावसाची होते. बर्फ साचलेल्या काचेतून किती प्रकाश बाहेर येतो, याची नाही. तेव्हा पुढचा आराखडा सही करून पाठवण्यापूर्वी त्या ठिकाणचा हिवाळी वारा कोणत्या दिशेचा आहे हे तपासा, त्या तोंडावरच्या सिग्नलांसाठी तापणारी काच मागा, आणि शून्य अंशाच्या ओल्या बर्फात दिवा किती अंतरावरून दिसला पाहिजे, हे विनिर्देशात आकड्यात लिहा.