संग्रह की पुराव्याचा नाश?

जुन्या बाजारात कुणाच्या तरी घरची मुंज, कुणाचे लग्न सुटे-सुटे विकावयास पडलेले दिसते. सुट्या छायाचित्रांचे पैसे अधिक सुटतात म्हणून विक्रेता आल्बम फोडतो. त्याचे ते पोट आहे. पण चौकटीत नीट बसावे म्हणून स्टुडिओचे नाव छापलेला पुठ्ठाच कातरणाऱ्या रसिक संग्राहकांना काय म्हणावे? ह्यास आम्ही संग्रह म्हणत नाही. हा पुराव्याचा नाश आहे!

शिकागोत मुले सांभाळून पोट भरणाऱ्या व्हिव्हियन मायर ह्या बाईंचे सामान गुदामाचे भाडे थकल्याने २००७ साली लिलावात निघाले. त्यांनी टिपलेली हजारो छायाचित्रे अनेक ग्राहकांत वाटली गेली. त्यांपैकी जॉन मालूफ ह्यांना बाईंचा माग लागला तो एका लिफाफ्यावरील नावावरून. तोवर, एप्रिल २००९ मध्ये, बाई निवर्तल्या होत्या. दोन वर्षे त्या हयात होत्या आणि विचारणारा कुणी नव्हता! तो लिफाफाही कुणी केराच्या टोपलीत टाकला असता तर?

आणि आमच्या माळ्यावरील ट्रंकांचे काय? घरातील आजीबाई चेहरे ओळखताहेत तोवर प्रत्येक छायाचित्रामागे नाव, गाव, साल लिहून घ्या. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई पुढे उमटते.