मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण आणि सीमेचा हिशेब

चेन्नईत चार मराठी माणसे जमली की सीमाप्रश्न केव्हातरी निघतोच. मग १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, असे सर्व क्रमाने येते. परंतु खानापूर तालुक्यातील मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला प्रशिक्षण कोणत्या भाषेत मिळते आणि त्याचा खर्च कोण करतो, हा प्रश्न मी या बैठकींत कधी ऐकला नाही. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागो; तोपर्यंत मराठी टिकायची ती शाळेत. पटसंख्या राखणे, रिक्त पदांचा पाठपुरावा करणे, नव्या शिक्षकाला वळण लावणे, पालकांचा विश्वास मिळवणे ही सारी कामे मुख्याध्यापकाची आहेत.

यासाठी शासनाकडे पैसा नाही, असे कोणी म्हणू नये. शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र २०१२ पासून दिल्लीत आहे. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत प्रशिक्षणासाठी तरतूद असून कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू अशा राज्यांत केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असतो. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर मुख्याध्यापकांसाठी वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे.

अडचण वाटपात आहे. पैसा राज्याच्या वार्षिक आराखड्यातून जातो आणि राज्य साहजिकच आपल्या भाषेचा विचार प्रथम करते. मूठभर शाळांसाठी वेगळे साहित्य आणि वेगळे मार्गदर्शक म्हटले की दरडोई खर्च वाढतो. यात दुष्टपणा असलाच पाहिजे असे नाही. ज्या खर्चाचा लाभ आपल्या खात्यात दिसत नाही तो खर्च टाळला जातो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

पण तोच धडा पुढे वाचावा. मराठीतील साहित्य व मार्गदर्शक घडवण्याचा खर्च महाराष्ट्राने आधीच केलेला आहे. कन्नडचा खर्च कर्नाटकने केलेला आहे. महाराष्ट्राची शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे. कर्नाटकची शालेय नेतृत्वाची संस्था बेळगावच्या शेजारी, धारवाडला. खानापूरला जे हवे ते महाराष्ट्राकडे आहे, आणि जत व अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड शाळांना जे हवे ते धारवाडकडे. म्हणजे वाढीव खर्च प्रवास व निवासापुरताच उरतो. इकडे तमिळनाडूत होसूर परिसरातील तेलुगू आणि कन्नड शाळांचाही प्रश्न याच जातीचा आहे.

मग हे का होत नाही? कारण पैशाला नसली तरी लेखाशीर्षाला सीमा असते. दिल्लीच्या कागदावर 'सीमावर्ती' म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा. १९८६-८७ पासूनचा सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम तिच्यासाठीच आखला गेला. अनुच्छेद ३५०-क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. ३५०-ख नुसार नेमलेला अधिकारी चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतो. त्याच्या हाती लेखणी आहे, तिजोरी नाही. एका राज्याने परस्पर खर्च करावा, तर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांना आरोग्य योजना लागू करताच कर्नाटकने हरकत घेतली होती.

म्हणून माझे म्हणणे असे. समग्र शिक्षेत भाषिक अल्पसंख्य शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी एक छोटे, शंभर टक्के केंद्रीय लेखाशीर्ष असावे. रक्कम शाळेच्या माध्यमाशी बांधलेली असावी, आणि शेजारी राज्याच्या संस्थेला ती थेट देता यावी. तिला अन्य कराराची अट नसावी; पीएम श्री योजनेच्या करारावरून २०२४-२५ मध्ये तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा निधी कसा अडला, हे चेन्नईकरांना सांगायला नको.

दोन आक्षेप येतील. बेळगावच्या शिक्षकाला कन्नड यायलाच हवे, हा पहिला. मान्य आहे, कार्यालयीन पत्रव्यवहाराचे प्रशिक्षण त्याला कन्नडमध्येच द्यावे. पण वर्गात मूल मराठी वाचताना का अडखळते, याची चर्चा मराठीतच व्हावी लागते. दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा: अशी व्यवस्था स्वीकारल्यास महाराष्ट्राचा दावा दुबळा होईल. मला हे पटत नाही. प्रशिक्षणाची सोय स्वीकारणे म्हणजे सीमा स्वीकारणे नव्हे. उलट, पटाअभावी मराठी शाळा बंद पडत गेल्या, तर निकालाच्या दिवशी दावा कोणासाठी केला होता, हे सांगणे आपल्यालाच जड जाईल.

आपण घराबाहेरचे मराठी लोक निवेदने उत्तम लिहितो. पुढच्या निवेदनात एक कलम या मुख्याध्यापकांसाठी असावे, आणि त्याच कलमात जतच्या कन्नड शाळेचेही नाव असावे. दुसऱ्याच्या मुलासाठी मागितले, तरच आपल्या मुलासाठीची मागणी न्याय्य ठरते.