रंगरूटाचे अपील आणि पुराव्याचे ओझे

आर. के. पुरमच्या सेक्टर एकमध्ये, वेस्ट ब्लॉक आठ या सरकारी इमारतीत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. बढती, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन, कोर्ट मार्शल अशा नाना तक्रारी घेऊन आजी-माजी अधिकारी आणि जवान तिथे येतात. या गर्दीत एक पक्षकार असा असतो की, ज्याच्या छातीवर एकही पदक नसते आणि ज्याच्या नावापुढे हुद्दाही लागत नाही. भरतीच्या मैदानावर तो धावला, लष्कराच्या डॉक्टरांनी त्याला तपासून पात्र ठरवले, प्रशिक्षण केंद्रात तो दाखल झाला आणि कसम परेडचा दिवस उजाडण्यापूर्वीच ‘वैद्यकीयदृष्ट्या अपात्र’ असा शेरा घेऊन घरी परतला. गावाने त्याला वाजतगाजत निरोप दिलेला असतो. परतताना स्थानकावर त्याला घ्यायला कोणी जात नाही.

सांगली, सातारा, कोल्हापूर, नगर या जिल्ह्यांत अशी घरे अपवादात्मक नाहीत. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री केंद्र, सागरचे महार रेजिमेंट केंद्र, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र या नावांशी महाराष्ट्रातील पिढ्यांचे नाते आहे. दिल्लीत नोकरीला असलेल्या मराठी माणसाकडेही गावाहून कधी ना कधी असा फोन येतो : ‘पोराला बोर्ड आउट केलंय, दिल्लीत कुणाला भेटता येईल का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ओळखीपाळखीत नसून नियमांत आहे. मात्र ते नियम नीट वाचले, तर कायदा आणि कार्यपद्धती या प्रकरणी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालत असल्याचे दिसते.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. नावनोंदणी होताच रंगरूट लष्कर कायदा, १९५० च्या कक्षेत येतो. शिस्तीचे सर्व नियम त्याला त्या क्षणापासून लागू होतात. त्याला सेवामुक्त करण्याची पद्धत लष्कर नियम, १९५४ च्या १३ व्या नियमात दिली आहे. तिथे एक बारीक पण निर्णायक भेद आहे. ज्याचे शपथग्रहण झाले आहे, अशा जवानाला वैद्यकीय कारणाने काढायचे असेल, तर मेडिकल बोर्डाची शिफारस आवश्यक ठरते. नावनोंदणी झाली परंतु शपथ व्हायची आहे, अशांसाठी मात्र वेगळा आणि सैल रकाना आहे. ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ असे ठरवून रंगरूटाला त्या रकान्याखाली घरी पाठवता येते. पाय मोडल्याने मागच्या तुकडीत ढकललेला, पुन्हा दुखावलेला आणि अखेर प्रशिक्षण पूर्ण करू न शकलेला मुलगा या दोहोंपैकी कोणत्या रकान्यात बसवला जातो, यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. आजारपणामुळे गेला म्हटले, तर अपंगत्वाच्या लाभाचा प्रश्न निर्माण होतो. कार्यक्षम होणार नाही म्हणून गेला म्हटले, तर तो प्रश्नच उद्भवत नाही. मुलगा तोच, दुखापत तीच, फक्त कागद निराळा.

दुसरा मुद्दा अपंगत्वाच्या कारणाचा. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार, अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि ते किमान २० टक्के असावे, अशी अट वर्षानुवर्षे राहिली आहे. रंगरूटांच्या बाबतीत बोर्डाचा ठराविक अभिप्राय असतो की, आजार ‘जन्मजात’, ‘आनुवंशिक’ किंवा ‘भरतीपूर्वीचा’ आहे. हे एक वाक्य लिहिले गेले की दावा बंद होतो. यावर साधा प्रश्न असा की, आजार भरतीपूर्वीचा होता, तर भरतीच्या वेळी तो तपासणाऱ्या डॉक्टरांना का दिसला नाही?

सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तरही दिले. जुलै २०१३ मधील धरमवीर सिंग प्रकरणात न्यायालयाने नियम स्पष्ट केला. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय नोंदीत दोष नमूद नसेल, तर उमेदवार निरोगी होता असे गृहीत धरावे लागेल; पुढे तो वैद्यकीय कारणाने बाहेर पडला, तर त्याची प्रकृती सेवेमुळेच ढासळली असे मानावे लागेल; आणि याउलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असेल. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाचे म्हणणे असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लेखी दिली पाहिजेत. जून २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. तिथे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी धरले गेले होते. ज्या अपंगत्वामुळे माणसाला सेवेतूनच काढावे लागले, ते २० टक्क्यांहून अधिकच होते असे समजले पाहिजे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला नाही, तर भरती करणाऱ्या वैद्यकीय मंडळाला स्वतःच्याच हलगर्जीपणाचे बक्षीस दिल्यासारखे होईल, हे त्या निकालातील तर्काचे सार आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग प्रकरणात केंद्र सरकारची अनेक अपिले एकत्र ऐकून फेटाळण्यात आली. मे २०२५ मध्येही, कारणे न देता केलेला बोर्डाचा अभिप्राय टिकू शकत नाही, असे न्यायालयाने पुन्हा बजावले.

इतके सारे स्पष्ट असताना वाद उरतो कुठे? तो उरतो कार्यपद्धतीत. घरी परतलेल्या मुलाला अभिलेख कार्यालयाकडून दावा नाकारल्याचे पत्र येते. त्यावर सहा महिन्यांत पहिले अपील करायचे. ते फेटाळले गेले तर दुसऱ्या अपील समितीकडे जायचे. त्यानंतर न्यायाधिकरण. सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा, २००७ च्या २१ व्या कलमानुसार, उपलब्ध खात्यांतर्गत उपाय संपल्याखेरीज अर्ज सहसा दाखल करून घेतला जात नाही. मात्र सहा महिने उत्तरच आले नाही, तर तो मार्ग संपला असे मानता येते. ही तरतूद हिताची आहे, परंतु ती माहीत असलेला रंगरूट विरळा. त्याचप्रमाणे, सेवेतून बाहेर पडलेली व्यक्ती आपल्या राहत्या ठिकाणच्या पीठाकडे अर्ज करू शकते. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलाला दिल्लीला खेटे घालण्याची गरज नाही, मुंबई पीठ त्याला उपलब्ध आहे. पण अपिलासाठी हाती काय असते? बहुधा एका ओळीचे पत्र. बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळच्या तपासणीचा अर्ज, प्रशिक्षण केंद्राच्या रुग्णालयातील नोंदी हे सर्व सरकारच्या ताब्यात असते. पुराव्याचे ओझे कायद्याने सरकारवर आहे, पुराव्याची कपाटे सरकारकडे आहेत आणि तरीही धावपळ मात्र अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने करायची, अशी ही व्यवस्था आहे.

न्यायाधिकरणाने दाव्याच्या बाजूने निकाल दिला, तरी प्रकरण संपत नाही. संरक्षण मंत्रालय वरच्या न्यायालयात जाते. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाविरुद्धच्या केंद्राच्या जवळपास ३०० याचिका एकत्रितपणे फेटाळल्या. त्यांतील तत्त्व नवे नव्हते, २०१३ पासून ठरलेले होते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी एक तज्ज्ञ समिती नेमली होती. संरक्षण खात्याची न्यायालयीन प्रकरणे कमी कशी करावीत, हा तिच्या कार्यकक्षेचा भाग होता. निकाली निघालेल्या मुद्द्यांवर पुन्हा पुन्हा अपील करण्याच्या खात्याच्या सवयीवर त्या समितीने बोट ठेवले. पर्रीकर गोव्याला परतले, अहवाल राहिला आणि सवयही राहिली.

लष्कराच्या बाजूने काहीच सांगण्यासारखे नाही, असे मुळीच नाही. प्रशिक्षण केंद्र म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. सियाचीनला किंवा पूर्व लडाखला जाणाऱ्या तुकडीत अपस्माराचा किंवा कमी ऐकू येणारा शिपाई ठेवणे हे त्याच्यावर आणि त्याच्या सहकाऱ्यांवरही अन्याय करण्यासारखे आहे. काही उमेदवार आजार लपवून येतात, हेही खरे. काही मानसिक विकार भरतीच्या एका तपासणीत कळू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात मान्य केले आणि त्या दावेदाराचे अपील फेटाळले. वैद्यकीय मंडळाच्या मताला वजन असावे, हेही न्यायालये सातत्याने सांगत आली आहेत. परंतु प्रश्न मुलाला ठेवून घ्यावे की नाही, हा नाहीच. प्रश्न त्याला कसे पाठवावे, हा आहे. सैन्याला नको असलेला शिपाई सैन्याने सांभाळू नये. पण सैन्याच्या कवायतीत मोडलेला गुडघा आईबापांनी शेत विकून सांभाळावा, हेही न्यायाचे नाही.

अमेरिकेतील कायद्यात याच तत्त्वाचा कठोर आविष्कार आढळतो. भरतीच्या तपासणीत ज्याची नोंद नाही, तो दोष पूर्वीचा होता आणि सेवेमुळे वाढला नाही, हे ‘स्पष्ट आणि निर्विवाद’ पुराव्याने सरकारने सिद्ध करायचे असते. सेवामुक्तीच्या स्वरूपाविरुद्ध पुनरावलोकन मंडळाकडे जाण्यासाठी तिथे १५ वर्षांची मुदत आहे. आपल्याकडे पहिल्या अपिलाची मुदत सहा महिने. त्यातले पहिले काही महिने मुलाने घराबाहेर तोंड न दाखवण्यातच जातात.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला दोन नवी परिमाणे मिळाली. पहिले राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या संस्थांतील छात्रांचे. खडकवासल्यात किंवा डेहराडूनमध्ये प्रशिक्षणादरम्यान अपंग झालेला छात्र कमिशन मिळण्यापूर्वीच बाहेर पडतो, म्हणून तो माजी सैनिक ठरत नाही. त्याला निवृत्तिवेतनाऐवजी सानुग्रह रक्कम मिळते. १९८५ पासून असे सुमारे ५०० छात्र बाहेर पडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि केंद्राला नोटीस दिली. त्याच महिन्यात या छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार उघडण्यात आले. दशकांचा प्रश्न आठवड्यांत हलला, याचा अर्थ अडचण तिजोरीची कमी आणि इच्छेची अधिक होती.

दुसरे परिमाण अग्निवीरांचे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून भरती होणारा शिपाई अग्निवीर असतो. त्याला निवृत्तिवेतनच नाही. अपंगत्व सेवेमुळे आल्याचे मान्य झाले, तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख रुपये अशी एकरकमी सानुग्रह रक्कम ठरवली आहे. म्हणजे ‘सेवेमुळे की सेवेपूर्वीचे’ हा बोर्डाचा एक शेरा आता काही लाखांचा फरक करतो. शिवाय चार वर्षांच्या करारातील पहिले सहा-सात महिने प्रशिक्षणाचे असतात. शारीरिक ताण सर्वाधिक त्याच काळात आणि कायदेशीर स्थान सर्वांत दुबळेही त्याच काळात. त्यातच २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या लाभांचे नवे नियम लागू झाले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर अपंगत्वाचे लाभ लाटले जातात, ही त्यामागची तक्रार होती. ती काही अंशी खरी धरली, तरी तिचा रोख कारकीर्द पूर्ण केलेल्यांकडे आहे. ज्याची कारकीर्द सुरूच झाली नाही, त्याच्याकडे त्याच संशयाने पाहण्याचे कारण नाही.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातील बहुतेकांना नव्या कायद्याची गरज नाही. रुग्णालयात उपचार सुरू असलेल्या किंवा दुखापतीमुळे मागे पडलेल्या रंगरूटाला मेडिकल बोर्डाविना ‘कार्यक्षम होणार नाही’ या रकान्याखाली घरी पाठवू नये. बोर्डाचा कारणांसह अभिप्राय, भरतीच्या वेळचा तपासणी अर्ज आणि अपिलाच्या मुदतीची माहिती त्याला वाचता येईल अशा भाषेत केंद्र सोडतानाच द्यावी. अपील समित्यांना निकालाची मुदत घालून द्यावी. ठरलेल्या मुद्द्यांवर मंत्रालयाने वरच्या न्यायालयात जाऊ नये.

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची शिफारस विधी आयोगाने १९९९ मध्ये केली, विधेयक २००५ मध्ये आले, कायदा २००७ मध्ये झाला आणि पीठ २००९ मध्ये बसले. दहा वर्षांच्या या प्रवासात सैनिकाला त्वरित आणि स्वस्त न्याय, ही भाषा संसदेत वारंवार ऐकू आली. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत. प्रशिक्षणादरम्यान दरवर्षी किती रंगरूट आणि अग्निवीर घरी पाठवले जातात, त्यांपैकी किती जण मेडिकल बोर्डामार्फत जातात आणि किती जण दुसऱ्या रकान्याखाली, किती अपिले मान्य होतात आणि किती प्रकरणांत सरकार पुन्हा न्यायालयात जाते, एवढी माहिती मागणारा एक तारांकित प्रश्न विचारायला पक्षभेद आड येण्याचे कारण नाही. उत्तर पटलावर आले, तर आर. के. पुरमच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलाच्या हाती एका ओळीच्या पत्रापेक्षा अधिक काही तरी येईल.