चाकरमान्यांचे वारस

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून चिलीच्या दक्षिण टोकाला जाऊन वसलेल्या कुटुंबांपैकी एकाचे वंशज गाब्रिएल बोरिच 2022 मध्ये त्या देशाचे अध्यक्ष झाले. रत्नागिरीहून लालबाग-परळला आलेल्या चाकरमान्याचा नातू मात्र आजोबांच्या मुंबईत अजून घराच्या सोडतीकडे डोळे लावून आहे.

पुरुष गिरणीत, बायकामुले गावी आणि मध्ये मनिऑर्डर, अशी ही व्यवस्था होती. कुटुंबपोषणाचा बराच भार कोकणातल्या तुटपुंज्या शेतीने उचलला, म्हणूनच गिरणीमालकाला मजुरी स्वस्त पडली. 18 जानेवारी 1982 पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कित्येकांनी तो काळही गावच्या भातावरच काढला.

पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला. 1991 च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना आणि जवळपास तितकाच म्हाडाच्या घरांना ठरविला होता. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो ग्राह्य धरला.

ज्यांचे गावी घर आहे, त्यांना मुंबईत कशाला, असे आता विचारले जाते. (विचारणारे बहुधा स्वतःच्या घरात राहतात.) मजुरी ठरताना हेच गाव एकदा वजा झाले आहे, घर देताना ते पुन्हा वजा करण्यास आधार नाही.