खेटे कुणी घालायचे?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या गावातल्या बँकेत गेलं, की पैसे काढणाऱ्यांच्या रांगेपेक्षा लांब रांग आता दुसऱ्याच टेबलापुढे दिसते. प्रत्येकाच्या हातात आधारची आणि पॅनची झेरॉक्स, दोन फोटो, पासबुक. खात्यात पैसे जमा झालेले आहेत, पासबुकात छापूनही आलेत, पण निघत नाहीत. केवायसी राहिली म्हणून खातं होल्डवर गेलंय. कधी गेलं? ते पैसे काढायला आल्यावरच कळलं.

महागाई, नोकऱ्या, रस्ते यांच्यापुढे ही कागदपत्रांची कटकट कुणाला किरकोळ वाटेल. ज्याचं औषधपाणी त्या खात्यावर चालतं त्याला ती किरकोळ नाही. इथे चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असा उघड अन्याय चालू आहे, आणि लोकांनी तो नशिबाचा भाग म्हणून मान्य केलाय, याचा जास्त संताप येतो.

काळ्या पैशाचे व्यवहार रोखणारा कायदा २००२ साली झाला आणि २००५पासून लागू झाला. खातेदाराची ओळख पटवणं आणि ती माहिती ताजी ठेवणं, म्हणजेच केवायसी, हे बंधन या कायद्याने बँकेवर घातलं. बँकेवर. खातेदाराने कागद द्यायचे, सहकार्य करायचं, हे खरंच. पण कोणाची मुदत कधी भरते यावर लक्ष ठेवणं, त्याला वेळेवर कळवणं आणि काम उरकून घेणं ही बँकेची कामं. प्रत्यक्षात बँकेने काही कळवलं नाही तरी खातं गोठतं गिऱ्हाइकाचं, रोजगार बुडतो गिऱ्हाइकाचा आणि खेटेही त्यानेच घालायचे.

एकाएकी एवढी गर्दी कुठून आली? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्त जोखमीच्या खातेदाराची केवायसी दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्याची आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्याची दहा वर्षांनी ताजी करायची असते. शेतमजूर, पेन्शनवाले आजोबा, धुणीभांडी करणारी बाई यांच्या खात्यांत जोखीम ती कसली असणार? त्यांच्यावर ही वेळ दहा वर्षांतून एकदा यायला हवी. जनधन योजना सुरू झाली २८ ऑगस्ट २०१४ला. पुढच्या काही महिन्यांत शिबिरं भरवून, उद्दिष्टं देऊन कोट्यवधी खाती उघडली गेली. त्यांची दहा वर्षं २०२४पासून एकापाठोपाठ एक भरत गेली. ही तारीख काही आभाळातून पडली नाही. खातं उघडलं त्याच दिवशी ती बँकेच्या संगणकात नोंदली गेली होती. दहा वर्षं हाताशी होती. गावोगाव बँक मित्र नेमलेले होते. तयारी झाली नाही, आणि मुदत उलटल्यावर लोकांना रांगेत उभं केलं गेलं. २०२५च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतींतून शिबिरं घेतली गेली, ते चांगलंच झालं. पण तोवर किती घरांचे पैसे अडकून पडले होते?

रिझर्व्ह बँकेचे नियम माणुसकीला धरून आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ते लोकांपर्यंत पोचतच नाहीत. तुमच्या माहितीत काहीच बदल झालेला नसेल तर नवीन कागद लागत नाहीत; ‘बदल नाही’ एवढं स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं की पुरे. ते नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलने, एटीएमवर किंवा नेट बँकिंगमधूनही देता येतं. फक्त पत्ता बदललेला असेल तर नवा पत्ता लिहून द्यायचा आणि तो दोन महिन्यांत पडताळून बघायचं काम बँकेचं. हे सगळं त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत होतं. जिथे खातं उघडलं तिथेच गेलं पाहिजे असं नाही. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की मुदतीआधी किमान तीन वेळा कळवा, त्यात एकदा तरी पत्राने कळवा, आणि कमी जोखमीच्या खातेदाराची केवायसी राहिली असली तरी त्याचे व्यवहार चालू ठेवा. त्यासाठी मुदत उलटल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतली जी तारीख नंतरची असेल तोवरची सवलत दिली. साध्या कागदावर लिहून देण्याचं काम बँक मित्राकडेही होऊ शकतं.

आता हे टेबलापलीकडच्या माणसाला सांगून पाहावं. “आमची सिस्टम तसं घेत नाही.” “तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथे जा.” “लिंक नाही, उद्या या.” तो माणूसही वाईट नसतो. पूर्वी जिथे सहा जण बसत तिथे आता दोघं बसतात, त्यांच्या डोक्यावर विमा पॉलिसी खपवायचं टार्गेट असतं, आणि केवायसीच्या कामाचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. त्याच्यावर आवाज चढवून काहीच साधत नाही. पण त्याच्या अडचणीची किंमत रांगेतल्या बाईने का मोजायची, याचं उत्तर वरच्या साहेबांनी द्यायला हवं.

अशाच एका शाखेत पाहिलेली गोष्ट. पासष्टीच्या आसपासच्या एक बाई अंगठा लावायला बसल्या होत्या. जन्मभर खुरपं आणि कोयता धरलेला हात. बोटांची टोकं घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. “मावशी, दुसरं बोट लावा,” बँक मित्र म्हणाला. मग तर्जनी, मग मधलं, मग डावा हात. त्याने मशीनची काच रुमालाने पुसली, बाईंनी पदराने बोटं पुसली. रांगेतलं कुणी म्हणालं हात धुऊन या, तशा त्या बाहेर नळावर जाऊन आल्या. ओल्या हाताने उमटेना म्हणून वाळवून पुन्हा लावलं. शेवटी तो म्हणाला, आधार केंद्रात जाऊन ठसे अपडेट करून आणा. केंद्र कुठे, तर दुसऱ्या टोकाला, आणि तिथे सकाळी टोकन घ्यावं लागतं. त्या बाईंना त्या शाखेत निदान तिघं-चौघं नावाने ओळखत होते. त्यांतल्या एकाने तर जाताना घरच्यांची चौकशीही केली. तरीही त्या बाई कोण आहेत हे ठरवायला तिथे कुणी नव्हतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, कार्डासाठी कुणाच्या पाया पडावं लागू नये, असं तेव्हा सांगितलं होतं. ते सांगणं योग्यच होतं. मग कष्टाने झिजलेल्या बोटांना पर्याय असायला नको? डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटते, चेहऱ्यावरून पटते, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून पटते. सगळी तंत्रं उपलब्ध आहेत. शाखेत मात्र अंगठ्याचं मशीन तेवढं असतं, आणि ते चाललं नाही की माणसालाच परत पाठवतात.

लाडकी बहीण योजनेत हाच प्रकार लाखो घरांनी अनुभवला. अपात्र नावं गाळण्यासाठी तपासणी हवी, यात दुमत नाही. यादीत पुरुषांचीही नावं निघाली होती. पण सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. नवरा ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला बांधकामावर. त्याचा आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद पडलेला. आणि जिला नवरा नाही, वडीलही नाहीत, तिने काय करायचं, याचा विचार आधी झालाच नव्हता. सोय नंतर, मुदतवाढीबरोबर झाली. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली, यातूनच पहिल्या फेरीत किती जणी अडकल्या असतील ते दिसतं. महाराष्ट्रात एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या, विधवा बायका किती आहेत हे सरकारला ठाऊक नाही असं कसं म्हणायचं? संजय गांधी निराधार योजनेच्या याद्या याच सरकारच्या कपाटात आहेत.

रोजगार हमीवर २०२५-२६ साली आपल्या राज्यात दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. केवायसीसाठी तीन वेळा जावं लागलं तर ९३६ रुपयांचा रोजगार बुडाला. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं आहे, तरी वडापने जावं लागतं तिथे पूर्ण भाडं. सेंटरवाला फॉर्म भरायचे पन्नास-शंभर घेतो, झेरॉक्स वेगळी. लाडकी बहीण योजनेच्या दीड हजाराच्या हप्त्यातून हे वजा करून पाहावं. बँकेच्या ताळेबंदात हा खर्च दिसत नाही, सरकारच्या अंदाजपत्रकातही नाही. सरकारी कामकाज ऑनलाइन झाल्याने किती पैसा वाचला याचे आकडे सांगितले जातात. त्यातला किती खर्च खरोखर वाचला आणि किती गरिबाच्या खिशावर ढकलला, हेही कधीतरी मोजायला हवं.

या सगळ्याचा फायदा सगळ्यांत आधी घेतला तो भामट्यांनी. ‘तुमची केवायसी संपली आहे, आज रात्री खातं बंद होईल, या लिंकवर माहिती भरा.’ हा मेसेज कुणाला आला नाही? आणि त्याला बळी पडणारी माणसं भोळी असतात असं म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही. बँकेने खरोखर पाठवलेला मेसेजही जवळपास याच शब्दांत, हीच भीती घालत येतो. खातं एका रात्रीत बंद होऊ शकतं, हे माणसाने शेजाऱ्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग निवृत्त शिक्षक घाईघाईने लिंक उघडतो आणि आयुष्याची पुंजी घालवून बसतो. असं झालं तर १९३० या नंबरवर लगेच, पहिल्या तासाभरातच फोन करावा. उशीर झाला की पैसे हाती लागणं अवघड होत जातं. पण धमकीची भाषा बँकांनी आधी सोडली पाहिजे. खरा मेसेज कोणता आणि खोटा कोणता, हे ओळखण्याची सोय लोकांना त्यानेच होईल.

आणि ज्यांना रोखण्यासाठी काळ्या पैशाचा तो कायदा केला, त्यांचं काय? मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बिल्डरच्या समूहाची थकीत कर्जं लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली गेली, असं पोलिसांकडच्या फिर्यादीत नोंदलेलं आहे. एकवीस हजार नसलेली माणसं बँकेच्या पुस्तकात बिनबोभाट वावरली. २३ सप्टेंबर २०१९ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला हजार रुपयांच्या वर काढायची बंदी झाली ती खऱ्याखुऱ्या ठेवीदारांना. मुलीच्या लग्नाचे, दवाखान्याचे, सोसायटीच्या दुरुस्तीचे पैसे त्यांचे होते, आणि त्यांनी आपले कागद दिलेले होते.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल दिला. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून-उघडून दाखवा, असं यंत्र त्यांना सांगत होतं. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं आणि पर्यायी पद्धती ठेवण्याचे आदेश दिले. झिजलेल्या बोटांच्या त्या बाईंनाही तोच हक्क आहे. त्यांनी त्यासाठी दिल्लीपर्यंत जायची गरज पडू नये.

तोवर ज्याचं खातं अडलंय त्याने तोंडी उत्तरावर परत फिरू नये. ‘माझ्या माहितीत बदल नाही’ असा अर्ज दोन प्रतींत लिहावा, एका प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का द्यायला खळखळ करतील, तरी घ्यावा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाखर्च करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याला गावातल्या कॉलेजच्या पोरांनी लिहून द्यावं.

आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एक करावं. प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांची बैठक होते; राज्याच्या पातळीवर तशीच समिती आहे, तिचं काम बँक ऑफ महाराष्ट्र पाहते. पीककर्ज किती वाटलं, मुद्रा कर्ज किती गेलं, हे तिथे शाखेगणिक विचारलं जातं. त्याच कागदावर आणखी दोन रकाने वाढवावेत: केवायसीपायी व्यवहार थांबवलेली खाती किती, आणि त्यांतल्या किती खातेदारांना आधी पत्र गेलं होतं. पत्राची पोच दाखवता आली नाही तर ते खातं त्याच दिवशी चालू करून द्यायला लावावं.