वजनाचा जमाखर्च

दीपावली जवळ आली की आपल्या घरांतून दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. पेढीवर वर्षाचा हिशेब जुळवला जातो आणि स्वयंपाकघरात फराळाचे डबे भरू लागतात. पहिल्या कामात आपण एका रुपयाचीही तफावत खपवून घेत नाही. दुसऱ्याची मात्र वहीच उघडली जात नाही. पुढे पोटाचा घेर वाढतो, सकाळी फिरायला जाण्याचा निश्चय होतो, महिनाभर फिरूनही काटा हलत नाही आणि मग 'आमची प्रकृतीच स्थूल' असे म्हणून सारे सोडून दिले जाते. प्रकृतीला बोल लावण्यापूर्वी आकडे पाहावेत.

सुमारे 70 किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास भरभर चालला, तर 130 ते 150 उष्मांक खर्ची पडतात. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9 उष्मांक मिळतात. म्हणजे 15 ग्रॅम, मोठा चमचाभर तुपातून 135. अर्ध्या तासाची चाल एवढ्या तुपात फिटून जाते. शरीरातील एक किलो चरबी ही अंदाजे 7,700 उष्मांकांची ठेव आहे. केवळ चालून ती मोडायची तर, आहार जराही न वाढवता, जवळजवळ दोन महिने लागतील. आहारातून रोज 500 उष्मांक कमी केले तर तेच काम पंधरवड्याच्या सुमारास होते. वजन उतरत जाते तशी शरीराची गरज घटते आणि ही गती मंदावते, हे खरे. तरीही वजन उतरविण्याचा मोठा भार आहारावरच राहतो.

मग व्यायाम कशासाठी? केवळ आहार घटवून वजन कमी केले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. व्यायाम त्यांना सांभाळतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढू देत नाही. काम करणारे स्नायू रक्तातील साखरही वापरून टाकतात. दिवसभर गादीवर बसणाऱ्या आपल्या समाजाला याचे मोल अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविते.

दोन्ही एकत्र आले की काय साधते, हे अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक व्यक्ती त्यात होत्या. ज्यांना 7 टक्के वजन उतरविण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या तुलनेत 58 टक्क्यांनी घटले. 80 किलोच्या माणसाला 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो. घरटी एक तरी मधुमेही असलेल्या आपल्या कुटुंबांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आपल्याकडे तर याची शिस्त घरातच आहे. बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊणोदरीचे स्थान आहे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा मानून त्याहून कमी घेणे, हे ते तप. रसपरित्यागात तूप, तेल, गूळ आणि तळलेले पदार्थ यांवर मर्यादा येते. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हाच आहे आणि तो तसाच राहावा. देहाला होणारा लाभ आनुषंगिक. अठ्ठाईत उतरलेल्या वजनात पाण्याचा आणि स्नायूंचाही वाटा असतो, म्हणून पारण्यानंतर ते बरेचसे परत येते. वर्षातून आठ दिवसांच्या उपवासाने जे टिकत नाही, ते रोजच्या चार घासांच्या ऊणोदरीने टिकते.

आपल्या हिशेबातली गळती ठरलेली आहे. गिऱ्हाइकासाठी मागविलेल्या फरसाणाच्या बशीत आपलाही हात जातो; तळलेल्या शेवेच्या शंभर ग्रॅममध्ये 500 हून अधिक उष्मांक असतात. चौविहाराला अवकाश आहे म्हणून जेवणानंतर मिठाईचा आणखी एक तुकडा घेतला जातो. या दोन नोंदी बंद केल्या तरी ताळेबंद बदलतो. ताटात मूग, तूर, हरभरा यांची डाळ आणि भाजी वाढवावी, भात-पोळी घटवावी. दही-ताक द्विदलाचा नियम पाळून वेगळ्या वेळी घ्यावे. सायंकाळच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. काट्याबरोबर टेपही हाताशी ठेवावी : कमरेचा घेर पुरुषाचा 90 आणि स्त्रीचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा, असे भारतीयांसाठीचे प्रमाण आहे.

एक सावधगिरी. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी किंवा आहार एकदम घटविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा बदलून घ्यावी. अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घरातील ज्येष्ठ संकोचाने हे विचारीत नाहीत. मुला-सुनांनी ते विचारावे.

यंदा चोपडापूजनाच्या दिवशी एक छोटी वहीही शेजारी ठेवावी. पहिल्या पानावर आजचे वजन आणि कमरेचा घेर लिहावा. पुढच्या दीपावलीला त्याच पानावर दुसरी नोंद करावी.

जय जिनेंद्र.